भिकुबाईची फरशी

मला चिंच आवडते. आमटीत आवडते, पाणीपुरीत आवडते, तांब्याच्या घागरीवर तर फारच आवडते. पण संगमरवरावर चिंच घासणाऱ्या बाईला मी काय काय बोलले ते इथं लिहिता येणार नाही. त्या दिवशी अशा तीन बाया होत्या आणि तिघीही माझ्यापेक्षा वयानं मोठ्या. तरी बोलले.

मी सुनंदा. तेव्हा मला धुळ्यात फरशी घिसाईचं काम करून बारा वर्षं झाली होती. घिसाई म्हणजे बसवलेली फरशी पाणी टाकत टाकत घासून गुळगुळीत करायची. मधल्या भागात मशीन फिरतं. कोपऱ्यात, भिंतीकडेला, पायरीवर मशीन जात नाही, तिथं आम्ही बायका उकिडव्या बसून बट्टीनं, म्हणजे घासायच्या दगडानं, हातानं घासतो. माझ्या बोटांवर आता रेषा नाहीत. अंगठा लावायची वेळ आली की कागदावर नुसता शाईचा ठिपका उमटतो, आणि साहेब म्हणतो, बाई, नीट लावा. मी म्हणते, देवाकडून नवा आणून देऊ का?

माहेर माझं दोंडाईच्यापासून सहा-सात किलोमीटरवर. माहेर म्हणजे आईची एक खोली आणि शेजारची वच्छला अक्का, बस. बाप, पुना त्याचं नाव, मी तीन वर्षांची असताना सुरतेला गेला, तिथंच दुसरी केली आणि परत काही आला नाही. आई, भिकुबाई, लोकांच्या शेतात मिरच्या तोडत राहिली. गावात महादेवाचं देऊळ नव्यानं बांधायला काढलं तेव्हा पायाचे दगड डोक्यावर वाहायला ती होती. अख्खा उन्हाळा वाहिले. संध्याकाळी घरी आली की तिला मान वळवता यायची नाही. मला बघायचं असलं की सगळी वळायची.

ती गेली तेव्हा देवळात संगमरवर बसत होता. आमच्याकडे रीत अशी, की मेलेल्या माणसाच्या नावानं फरशी द्यायची. नाव कोरून ती सभामंडपात बसवतात. देवाला जाणाऱ्याचे पाय त्या नावावर पडले की मेलेल्याला पुण्य लागतं. मी आईचे चांदीचे वाळे मोडले आणि फरशी दिली. बाकी सगळ्या फरशांवर ‘कैलासवासी अमुक तमुक पाटील यांच्या स्मरणार्थ’. आईच्या फरशीवर एकच शब्द. भिकुबाई. कारण तिनं मला शेवटच्या आजारात बजावून सांगितलं होतं, “मना दगडवर त्यानं नाव नको. दगड मी वाह्यात, त्यानी नही.” तिचं खरंच होतं. बापानं दगड तर सोडाच, कधी साखरेची पुडीसुद्धा घरी वाहून आणली नव्हती.

देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष जीवराम आबा. माझ्या बापाचे चुलतभाऊ, म्हणजे नात्यानं माझे काकाच. त्यांनी तोंड वाकडं केलं, पण फरशी घेतली आणि जागा दिली ती दारातली, उंबऱ्याला लागून. “गाभाऱ्याजवळ जागा उरली नाही, तुला दारातली देतो,” असं म्हणाले, भीक घातल्यासारखं. चांगल्या चांगल्या लोकांनी गाभाऱ्याजवळच्या जागा आधीच धरून ठेवल्या होत्या. दारातली कोणालाच नको होती. मी म्हटलं, द्या.

दोन वर्षांनी सप्ताहात एक महाराज कीर्तनाला आले. त्यांनी सांगितलं, बाबांनो, गाभाऱ्यापर्यंत शंभरातले दहा जातात, पण उंबरा शंभरच्या शंभर ओलांडतात. ज्याचं नाव उंबऱ्याशी, त्याचं पुण्य सगळ्यात मोठं. झालं! बसल्या जागी सगळ्या गावानं माना वळवून दाराकडे पाहिलं. जीवराम आबांच्या वडलांची फरशी होती पार आत, खांबाच्या मागं, जिथं फक्त झाडलोटीचा झाडू जायचा. त्या दिवसापासून आबांच्या डोळ्यात आईची फरशी सलायला लागली.

ही कथा घडली ती एका श्रावणात, साल असेल नव्वद नाहीतर एक्याण्णव. कानबाईला मी दरवर्षी माहेरी जाते. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, नारळाची देवी, नाकात नथ, अंगावर दागिने. रात्रभर गाणी होतात, आणि सोमवारी सकाळी पाट डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर जायचं. त्या सोमवारी वाटेत भुरभुर आली म्हणून बायका महादेवाच्या सभामंडपात शिरल्या. पाट माझ्या डोक्यावर होता. कुठं टेकवू, कुठं टेकवू, असं मी म्हटलंसुद्धा नाही. सरळ आईच्या फरशीवर टेकवला. वाटलं, जन्मभर भाऊबंदांनी तिला कानबाईच्या रोटाला, भावकीच्या प्रसादाच्या जेवणाला, बोलावलं नाही, आज कानबाईच तिच्याकडे आली.

तेवढ्यात एका पोरीचा धक्का लागला. तेलाचा दिवा कलंडला, हळदीची वाटी कलंडली, कुंकवाचा करंडा उपडा झाला. म्हणजे सगळं एकदमच. मी पदरानं तेल टिपलं, पुसलं नाही, टिपलं, आणि तीन बायांना सांगितलं, यावर ज्वारीचं पीठ टाकून ठेवा, हात लावू नका, मी नदीवरून येते. वच्छला अक्का, तानुबाई आणि कमलकाकू. कमलकाकू म्हणजे जीवराम आबांची बायको. आबा घरात असले की ती स्वयंपाकघराबाहेर बोलत नसे, आणि आबा घरातच असत.

मी परत आले तर तिघी घामाघूम, पदर खोचलेले, हात कोपरापर्यंत काळपट.

“सुनंदा, देख व माय, कसं चकचकीत करी टाकं आम्हीन!” अक्का म्हणाली.

चिंच! भिजवलेल्या चिंचेचा गोळा, वरून चुलीतली राख आणि नारळाची शेंडी. देवाची भांडी उजळतात तशी देवाची फरशी उजळली होती त्यांनी. कुंकू निघालं होतं, पण हळद होती तशीच पिवळीधमक, तेलाचा डाग होता तसाच काळपट, आणि परातीएवढ्या जागेची चमक पार गेलेली. संगमरवर म्हणजे मुळात चुन्याच्या जातीचा दगड. आंबट लागलं की तो वरून खाल्ला जातो. पितळ उजळतं, दगड मरतो.

“अगं बायांनो, घागर आहे का ती?” असं म्हणून मी सुरुवात केली आणि मग बराच वेळ थांबले नाही. तानुबाई रडायला लागली. अक्का उलट भांडली. कमलकाकू खाली मान घालून हातावरची चिंच पदराला पुसत राहिली. मग माझंच मला वाईट वाटलं. त्यांना कोणी कधी सांगितलंय संगमरवराचं? आमच्या घरांना शेणाची जमीन. मी तरी घिसाईला गेले नसते तर मीच पहिली चिंच आणली असती.

मंगळवारी आबांनी कमिटी बसवली. आबा मीटिंगात शुद्ध बोलतात, रागावले की अहिराणी. “देवळाच्या तोंडाशी असा डाग शोभत नाही. फरशी काढून टाकावी लागेल. शनिवारी धुळ्याहून मिस्त्री नवी फरशी घेऊन येईल. त्या जागी आमच्या वडलांचं नाव येईल.” एवढं सांगून त्यांनी पान तोंडात टाकलं.

“आणि आईची?” मी विचारलं.

“डागाळलेली फरशी कुठं बसवणार? फुटली नाही तर घेऊन जा तुझी तू. कपडे धुवायला होईल.”

असा संताप आला ना मला! तिनं वाहिलेल्या दगडांवर हे देऊळ उभं, आणि तिच्या नावावर मी कपडे आपटू? आई मेली त्या दिवशी मी रडले नव्हते एवढं तिथं रडू फुटत होतं. पण त्या माणसापुढं रडायचं नाही हे ठरलेलं होतं माझं.

“डाग निघाला तर?” मी म्हटलं.

कमिटीतले दोघं हसले. आबा म्हणाले, “निघाला तर राहील. आम्हाला काय, डागाशी मतलब.”

“सगळ्यांसमोर बोललात आबा.”

“सगळ्यांसमोरच बोलतो मी.”

पोस्टातून मी धुळ्याला मालकांना, म्हणजे नवऱ्याला, फोन लावला. मालक एसटीच्या डेपोत कामाला. शनिवारपर्यंत येत नाही, म्हटलं, आणि माझ्या कामाच्या पेटीतली पॉलिशची पांढरी पूड नि नमद्याचा, म्हणजे जाड लोकरी कापडाचा, तुकडा दोंडाईच्याच्या गाडीच्या कंडक्टरजवळ द्या. मालक म्हणाले, ठेकेदार खाडा धरेल. मी म्हटलं, धरू द्या, त्याला दुसरं काय धरता येतं.

मग कामाला लागले. डाग घासून निघत नसतो, हे आधी डोक्यात घ्यावं लागतं. घासलं की ओरखडे पडतात आणि डाग आणखी आत जातो. संगमरवर दिसतो घट्ट, पण असतो सच्छिद्र, तेल पिऊन बसतो. जे प्यायलंय ते त्याला परत ओकायला लावायचं. शाळेतून खडूचे तुकडे आणले, वरवंट्यानं कुटून वस्त्रगाळ केले, त्यात खाण्याचा सोडा आणि पाणी घालून थालीपिठाच्या पिठासारखं घट्ट केलं. डागापेक्षा चार बोटं मोठा आणि बोटभर जाड थर दिला. वर खताच्या गोणीतली धुतलेली प्लॅस्टिकची पिशवी झाकली, कडा चिकटपट्टीनं बंद केल्या. एक दिवस ओलं राहू द्यायचं, मग उघडून आपोआप सुकू द्यायचं. सुकता सुकता खडू तेल वर ओढून घेतो.

येणारा-जाणारा विचारायचा, काय थापलं गं? मी म्हणायचे, पुरण.

बुधवारी दुपारी कौतिक आला. कौतिक देवळात झाडलोट करायचा, साधा माणूस. हातात बाटली. “ताई, आबासनी धाडेल शे. म्हने, हाई टाकं का एक मिनिटमा डाग जास.”

बूच उघडून वास घेतला. संडासात टाकायचं अॅसिड! मी उठून फरशीवरच बसकण मारली, थराच्या कडेला, मांडी घालून. म्हटलं, हा माणूस एवढा खालच्या थराला जाईल असं वाटलं नव्हतं. मग वाटलं, का नाही वाटलं मला? कौतिकला बाहेर नेलं. देवळामागं फुटक्या संगमरवराचे तुकडे पडले होते. एकावर दोन थेंब टाकले. चर्रर्र करून फेस आला, वाफ आली, आणि फेस पुसला तर बोटाला खडबडीत खळगा लागला.

“अरे बाप!” कौतिक म्हणाला. “आबासले सांगू का?”

“सांग. आणि हेही सांग, की आजपासून सुनंदा देवळातच झोपणार आहे.”

झोपलेही. अक्का माझ्यासोबत वाकळ घेऊन आली. भांडण तिनं मिटवलं नव्हतं, पाठ करून झोपली, पण आली.

गुरुवारी सकाळी सगळं गाव देवळात. कोणी सांगितलं होतं कोण जाणे, बातमीला पाय असतात. थर सुकून भेगाळला होता. लाकडी उलथण्यानं अलगद सुटा केला, जुन्या लुगड्याच्या मऊ कपड्यानं धूळ उचलली. तेलाचा काळपट डाग गेलेला! खडूच्या आतल्या बाजूला सगळं तेल आलं होतं. आणि हळदीचा डाग?

हळदीचा डाग लालभडक झाला होता. पिवळा होता तो रक्तासारखा लाल.

“देवी कोपनी!” कोणीतरी मागून ओरडलं. बायका दोन पावलं मागं सरल्या. तानुबाईनं तर तिथंच नाक घासलं. आबा पुढं झाले. “बघा! देवीची हळद, देवीचं कुंकू, आणि ही त्यावर खडू-सोडा थापते. आता तरी ऐकशील का? काढू दे फरशी.”

खरं सांगू, हात माझेही जोडले गेले होते. बारा वर्षांत मी सिमेंटचे डाग काढले, रंगाचे काढले, चहाचे काढले, हळदीचा पहिल्यांदाच. धुळ्याच्या बंगल्यांत कोण फरशीवर हळद सांडतं? पण आबांचं तोंड बघितलं आणि डोकं ताळ्यावर आलं.

“तानुबाई,” मी म्हटलं, “उठा. कुंकू कशाचं करतात?”

“आं?”

“तुमच्या सासूबाई घरी कुंकू करायच्या ना? कशाचं करायच्या?”

“हळदनं,” तानुबाई नाक पुसत म्हणाली. “हळदमा चुना नि लिंबू टाकीसन...” आणि मध्येच थांबली.

“हळदीत चुना पडला की ती लाल होते. सोडा पडला तरी होते. साबण लागला तरी होते, पोरांच्या कपड्यावर आमटीचा डाग बघितला नाही का कधी धुताना? देवीला कोपायला माझ्या आईशिवाय दुसरं कोणी दिसलं नाही होय?”

एक बाई हसली. मग दुसरी. आबा म्हणाले, “लाल का असेना, डाग तो डागच,” आणि तेवढं मात्र त्यांचं बरोबर होतं.

हळदीचा डाग काय केल्यानं जातो? मी डोकं धरून बसले. वच्छला अक्का, तीन दिवस माझ्याशी न बोललेली, तिनंच सांगितलं. “लुगडानी हळद उनमा उडी जास. लग्नातला हळदीचा धोतरजोडा दोन दिवस उन्हात वाळवला की पांढरा होतो, हे तुला कोणी शिकवलं नाही का धुळ्यात?” बरोबर होतं. बारा वर्षांची कारागीर मी, आणि अक्कल अक्काला. पण फरशी होती सभामंडपात, छपराखाली, आणि दार उत्तरेला. ऊन आत येत नव्हतं, आणि श्रावणात ते असतंही किती? घटकाभर येतं, घटकाभर जातं.

“मंग ऊन आठे आनानं,” अक्का म्हणाली, आणि घरी जाऊन भिंतीवरचा आरसा काढून घेऊन आली.

मी आरसा अंगणात धरला. ऊन त्यावर पडलं आणि तिथून उडी मारून बरोबर आईच्या नावावर. तासाभरात आणखी दोन आरसे आले. दुपारपर्यंत सात. कोणाचा कपाटाचा, कोणाचा न्हाव्याकडून मागून आणलेला, तानुबाईचा तर तडकलेला. शेतावरून येता-जाता बायका वीस-वीस मिनिटं उभ्या राहायच्या. ढग आला की आरसे खाली, ऊन आलं की वर. मी दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून जखमेवर फेसाळतं ते औषध आणलं होतं, ते खडूत कालवून डागावर लावत होते, पुसत होते, परत लावत होते. कमलकाकू मात्र आली नाही. तिच्या घराच्या खिडकीतून मधूनच एक कवडसा यायचा, मंडपाच्या दारापर्यंत पोहोचायचा नाही, पायरीवरच थरथरत राहायचा. तिथून आमच्यापर्यंत अंतरच जास्त होतं.

लाल होतं ते गुलाबी झालं. शुक्रवारी सकाळी गुलाबी होतं ते फिकट झालं, आणि दुपारी मी गुडघ्यावर बसून, गाल फरशीला टेकवून तिरपं बघितलं. डाग नव्हता. मी दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा अक्काला बघायला लावलं. नव्हता म्हणजे नव्हताच.

पण चिंचेनं खाल्लेली चमक तशीच मेलेली. तिथं हात फिरवला की पावडर लावलेल्या गालासारखं लागायचं. त्यावर बट्टी मारली असती तर तेवढीच जागा खोलगट झाली असती आणि ओरखडे दिसले असते. मालकांची पुडी कंडक्टरनं आणून दिली होती. पांढरी पूड ओली करून नमद्यावर घेतली आणि गोल गोल फिरवायला लागले. जोर नाही लावायचा, नुसता हात फिरवायचा, पण थांबायचं नाही. दर थोड्या वेळानं धुऊन घ्यायचं, वाळूचा एक कण जरी नमद्याखाली आला तर चार दिवसांची माती.

माझा खांदा भरून आला तेव्हा अक्कानं नमदा हातातून काढून घेतला. तिच्यानंतर तानुबाईनं. चिंच जशी घासली होती तसंच जीव तोडून घासायला लागल्या म्हणून मी परत ओरडले, आणि या वेळी दोघी हसल्या. दिवेलागणीला फरशीत मंडपाचे खांब दिसायला लागले, उभेच्या उभे. आईच्या नावावर पाणी टाकलं, कोरड्या कपड्यानं पुसलं, आणि मग मी काय ते रडून घेतलं.

शनिवारी सकाळी टेम्पो आला. मोतीलाल मिस्त्री, धुळ्याचा, दुसऱ्या ठेकेदाराचा माणूस, माझी-त्याची ओळख नाही. टेम्पोत गोणपाटात गुंडाळलेली नवी फरशी, तिच्यावर आबांच्या वडलांचं नाव कोरून तयार. म्हणजे मंगळवारी दिलेल्या शब्दाच्या आधीच ती कोरायला टाकली असणार. चार दिवसांत कोण एवढं बारीक कोरून देतं, मला काय कळत नाही?

आबा, कमिटी, झाडून सगळं गाव आलं. बायका एका बाजूला. कमलकाकू सगळ्यांत मागं, डोक्यावरून पदर.

“कुठली काढायची?” मिस्त्रीनं चपला काढत विचारलं.

“डागाची,” आबा म्हणाले. त्यांनी अजून खाली बघितलं नव्हतं. एवढा त्यांना भरवसा.

मिस्त्रीनं तांब्याभर पाणी मागितलं. आमच्या धंद्यात तसंच बघतात, पाणी शिंपडायचं आणि वाकून उजेडाच्या उलट बाजूनं नजर टाकायची. तो दारापासून सुरू झाला आणि ओळीनं बघत पार गाभाऱ्यापर्यंत गेला, खांबामागं गेला, परत आला. कपाळाला आठ्या.

“शेठ, डाग कुठाय?”

आता आबांनी खाली बघितलं. बघतच राहिले. मग म्हणाले, “ती दारातली.”

मिस्त्री बसला. तळहात फिरवला, नख फिरवलं, गाल लावून बघितलं. “यात डाग नाही. ओरखडाही नाही. हात कोणाचा आहे हा?” त्यानं मान वर केली. मी बोटं पुढं केली. त्यानं ती बघितली आणि मान हलवली.

“ते काही असो,” आबा म्हणाले, “तुला सांगितलंय ना, ती काढ. मजुरी मी देणार आहे.”

“काढतो शेठ. पण चांगली फरशी उचलायला काही कारण लागतं. काय झालंय तिला?”

“आबा,” मी म्हटलं, “मंगळवारी सगळ्यांसमोर बोललात, डागाशी मतलब. डाग गेला. आता काय काढताय ते सगळ्यांसमोर सांगा.”

“सुनंदा, तोंड आवर!”

“नाही आवरत. सांगा.”

“सांगा ना आबा,” अक्का म्हणाली. “कसाले काढतस?”

आबांचा चेहरा लालबुंद झाला आणि शुद्ध भाषा सुटली. “नवरानी टाकेल बाई ती! ना धनीनं नाव, ना कुळनं. तिना नाववर पाय ठेईसन गावनी देवळात जावानं का?”

बोलून गेले. म्हणजे जे वीस-तीस वर्षं गाव मनात बोलत होतं ते महादेवाच्या दारात मोठ्यानं बोलून झालं. नवऱ्यानं टाकलेली. हो, टाकलेली. आणि टाकल्यावर जिनं दगड उचलले ती.

तेवढ्यात मागून गर्दी हलली. कमलकाकू पुढं येत होती. डोक्यावरचा पदर तसाच, चालणं तसंच खाली मान घालून. वाटलं, नवऱ्याला घरी न्यायला आली असेल. ती आबांच्या शेजारून गेली, मिस्त्रीला म्हणाली, “सरक रे भाऊ,” आणि उजवा पाय उचलून आईच्या नावावर ठेवला. बरोबर अक्षरांवर, अख्खा तळवा. दुसराही पाय ठेवला. तिथंच उभी राहून महादेवाला हात जोडले. मग वळली, आणि त्या घरात चाळीस वर्षं न निघालेल्या आवाजात आबांना म्हणाली,

“मी मरनू म्हंजे मना नावनीबी एक फरशी बसाडा. हिना शेजारले. नुसतं कमल. तुमनं नाव तिन्हावर नको.”

आणि उंबरा ओलांडून ती आत गेली.